दुहेरी केसांच्या कुत्र्याची घरच्या घरी निगा : सीमाभागात नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

बेळगावच्या कॅम्प आणि टिळकवाडीपासून निपाणी, चिकोडी, खानापूरच्या गावांपर्यंत आता लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरेनियन आणि जर्मन शेफर्ड ही कुत्री सर्रास दिसतात. जर्मन शेफर्डला आपल्याकडची जुनी मंडळी अजूनही अल्सेशियनच म्हणतात. अलीकडे या यादीत सायबेरियन हस्कीचीही भर पडली आहे. या सर्व जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर लांब, सरळ आणि काहीसा राठ असून तो पाणी, धूळ आणि थेट ऊन अडवतो. त्याखाली कातडीलगत आखूड, मऊ आणि दाट लव असते व ती थंडीत ऊब धरून ठेवते. कुत्री पाळणारे या रचनेला ‘डबल कोट’ म्हणतात.

अशा कुत्र्याच्या निगेचा जवळजवळ सगळा भार या आतल्या लवेवर असतो. मेलेली लव वेळच्या वेळी बाहेर काढणे आणि भिजलेली लव थेट कातडीपर्यंत वाळवणे ही दोन कामे ज्याला साधली, त्याला बाकीचे फारसे जड जात नाही. आपल्याकडे मात्र निगा म्हणजे आंघोळ असा समज पक्का झालेला असल्यामुळे दर रविवारी कुत्र्याला न्हाणीत नेऊन भरपूर साबण लावला जातो आणि त्याच कुत्र्याच्या अंगावर महिनोन्महिने कंगवा फिरत नाही. या लेखात म्हणूनच विंचरण्याला सर्वाधिक जागा दिली आहे आणि आंघोळ त्यानंतर घेतली आहे.

आधी केस ओळखावेत

कुत्र्याच्या पाठीवरचे केस दोन्ही अंगठ्यांनी दुभागून भरपूर उजेडात पाहावेत. मुळाशी वरच्या केसांपेक्षा फिकट, कापसासारखी लव दिसली तर केस दुहेरी आहेत. लॅब्रॅडोरच्या बाबतीत अनेकांची येथे फसगत होते. त्याचे केस आखूड असल्यामुळे त्याला निगेची गरज नाही असे वाटते; प्रत्यक्षात त्याची आतली लव अतिशय दाट असते आणि सोफ्यापासून भाताच्या ताटापर्यंत घरभर सापडणारे केस बहुतांशी तिचेच असतात.

शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड, ज्याच्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीट काढले होते, तो या लेखाच्या कक्षेत येत नाही. त्याचे केस आखूड आणि अंगालगत असतात; रबराचा ब्रश आणि ओल्या फडक्याने पुसणे एवढे त्याला पुरते. गावठी कुत्र्यांपैकी काहींच्या अंगावर थंडीत बऱ्यापैकी लव येते, तेव्हा जातीच्या नावावर न जाता केस दुभागून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

उन्हाळा आला म्हणून भादरू नये

मार्च-एप्रिलमध्ये अथणी, रायबाग, गोकाककडे ऊन चटके देऊ लागले की घरातील कोणीतरी कुत्र्याला ‘हलका’ करून आणण्याचा प्रस्ताव मांडतोच. यामागचा तर्क बहुधा मेंढ्यांवरून आलेला असतो. आपल्या भागातील धनगर मेंढ्यांची लोकर नियमाने कातरतात, मग कुत्र्याची का कातरू नये, असे विचारले जाते. उत्तर केसांच्या वाढीत आहे. मेंढीची लोकर सतत वाढत राहते, ती कोणी कातरली नाही तर मेंढीलाच तिचे ओझे होते. कुत्र्याच्या दुहेरी केसांतील प्रत्येक केस मात्र ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो आणि वेळ आली की आपोआप गळून पडतो. त्याला कातरण्याची गरजच नसते.

मशीन लावून केस कातडीपर्यंत उतरवले की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे वरच्या केसांची ऊन अडवणारी आडोशाची जागा नाहीशी होते आणि फिकट कातडीच्या कुत्र्यांना ऊन भाजते. दुसरी म्हणजे आतली लव लवकर उगवते आणि वरचे राठ केस फार सावकाश येतात. त्यामुळे काही महिने अंगावर नुसती मऊ, गुंतणारी, पाणी आणि धूळ शोषून घेणारी लव राहते. पॉमेरेनियन, हस्की, चाउचाउ अशा जातींमध्ये भादरलेल्या जागी केस बराच काळ, क्वचित कायमचेच, नीट न येण्याचा प्रकार पशुवैद्यांना चांगला परिचित आहे. कुत्रा आपले अंग मुख्यतः धापा टाकून थंड करतो. त्याला उन्हाळ्यात मदत करायची असेल तर मेलेली लव काढून टाकावी, म्हणजे केसांतून हवा खेळते. फिरायला उजाडण्याच्या सुमारास किंवा अंधार पडल्यावर न्यावे. आणि दुपारी सावलीतील गार फरशी व पाणी द्यावे. शस्त्रक्रिया, कातडीचा आजार किंवा सोडवण्यापलीकडे गेलेल्या जटा एवढ्याच कारणांसाठी, तेही पशुवैद्यांच्या सल्ल्याने, केस उतरवावेत.

केस कधी गळतात

थंड देशांत वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आतली लव मोठ्या प्रमाणात झडते. दिवसाची लांबी आणि हवामान यांच्या बदलाशी ही झड जोडलेली असते. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर असल्यामुळे इथे थंडी बऱ्यापैकी पडते आणि शिमग्याच्या आसपास मोठी झड जाणवते. दुसरी झड साधारण पाऊस सरल्यावर येते. जी कुत्री रात्रंदिवस घरात, दिव्यांच्या उजेडात राहतात, ती वर्षभर थोडे थोडे केस गाळत राहतात. एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा विंचरणे पुरते, पण झडीच्या तीन-चार आठवड्यांत रोज विंचरावे लागते.

आपल्या भागापुरती आणखी एक वेळ महत्त्वाची आहे आणि ती म्हणजे मिरग निघण्यापूर्वीचा आठवडा. वळवाच्या सरी येऊन गेल्यावर, खरा पाऊस लागण्याआधी, आतली मेलेली लव जितकी निघेल तितकी काढून ठेवावी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे एकदा पाऊस लागला की कुत्रा दिवसातून कितीदा भिजेल याचा नेम नसतो, आणि मेलेल्या लवेचा थर अंगावर असेल तर तो ओल सोडत नाही. कारवारसारख्या दमट किनारी भागात तर ही काळजी पाऊस नसतानाही घ्यावी लागते.

लागणारे साहित्य

दुकानात या कामासाठी वीस प्रकारची साधने मांडलेली असतात. त्यांपैकी तीन पुरेशी आहेत. पहिले स्लिकर ब्रश, म्हणजे चौकोनी पाठीवर बारीक वाकड्या तारा असलेला ब्रश. दुसरे अंडरकोट रेक, म्हणजे बोथट टोकांच्या लांब दात्यांचा छोटा दंताळा. तिसरी पोलादी फणी, जिचे अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असतात. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्याला लहान दात्यांचा रेक घ्यावा. लॅब्रॅडोरला लांब दात्यांचा उपयोग नाही. त्याला आखूड दात्यांचा रेक आणि आंघोळीच्या वेळी रबरी ब्रश चांगला.

ब्रश विकत घेताना त्याच्या तारा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हलक्या हाताने फिरवून पाहाव्यात. तिथे ओरखडा उठला तर कुत्र्याच्या पोटावरही उठणारच. धारदार पात्याची, केस ‘शेडिंग’मुक्त करण्याची हमी देणारी जी साधने मिळतात, त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. ती लवेसोबत वरचे चांगले केसही तोडतात. निघालेल्या केसांचा ढीग पाहून माणसाला समाधान वाटते आणि काही महिन्यांनी कुत्र्याच्या पाठीवर विटलेला, तुटक पट्टा दिसू लागतो.

विंचरण्याची रीत

कुत्रा फिरून, शी-शू करून आलेला आणि थोडा दमलेला असावा. पडवीत किंवा गच्चीच्या सावलीत जुने गोणपाट अथवा सतरंजी अंथरावी. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात आणि घसरणारा कुत्रा घाबरून निसटू पाहतो. गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, कारण सर्वांत वाईट गुंता बहुधा त्याच्याच खाली असतो. पिल्लू असेल तर पहिले काही दिवस नुसते पंजे, कान, शेपूट हाताळून खाऊ द्यावा आणि ब्रशचे दोन हात फिरवून सोडून द्यावे. मोठेपणी चार माणसांनी धरावे लागणारे कुत्रे बहुतेक वेळा लहानपणी कधी हाताळलेलेच नसते.

सुरुवात हातांनी करावी. दोन्ही तळवे मानेपासून शेपटीपर्यंत, मग छातीवर, काखांत, मांड्यांच्या आत फिरवून गाठी, गोचिडी, खपल्या, कुसळे कुठे लागतात का ते चाचपावे. जखमेवरून ब्रश गेला तर त्या दिवसाचे काम तिथेच संपते आणि पुढच्या वेळी ब्रश दिसताच कुत्रा खाटेखाली जातो.

त्यानंतर एकेक ओळ घेऊन विंचरायचे असते, आणि नवख्या माणसाचे बहुधा येथेच चुकते. वरून वरून ब्रश फिरवला की वरचे केस चमकतात, कुत्रा देखणा दिसतो, पण आतली लव जशीच्या तशी राहते. म्हणून मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी. डाव्या हाताच्या पंजाने केस वर लोटून धरावेत, म्हणजे हाताच्या कडेखाली कातडीची एक पांढुरकी रेघ उघडी पडते. त्या रेघेखालचे बोटभर रुंदीचे केस तेवढेच उजव्या हातातील स्लिकरने मुळापासून टोकाकडे, खालच्या दिशेने विंचरावेत. ब्रश कातडीवर दाबायचा नाही, तो मुळाजवळ टेकवून हलकेच उचलत बाहेर आणायचा. तेवढी ओळ मोकळी झाली की डावा हात बोटभर वर सरकवावा. नवी रेघ उघडते, तिथेही तेच. असे करत मांडी, कंबर, बरगड्या, खांदा आणि मान या क्रमाने वर चढत जावे. एकाच जागी पाच-सहा वेळांपेक्षा जास्त ब्रश फिरवू नये. कातडी गुलाबी दिसू लागली तर तिथून पुढे सरकावे, कारण तारांच्या घासण्यानेही कातडी सोलवटते.

एक बाजू स्लिकरने झाली की त्याच वाटेने रेक फिरवावा. झडीच्या दिवसांत रेकच्या प्रत्येक फेरीला दात्यांमध्ये राखाडी-पांढऱ्या लवेचा पुंजका येतो. तो बोटांनी ओढून बाजूच्या पिशवीत टाकावा, वाऱ्यावर सोडू नये. शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तो अचूक जाऊन बसतो. पुंजके लहान होत होत दात्यांना नुसते तुरळक केस लागू लागले म्हणजे त्या भागाचे काम झाले असे समजावे. मानेभोवतीची आयाळ आणि मागच्या मांड्यांची झालर या दोन जागी लव सर्वांत दाट असते, तिथे घाई करू नये. पोट, काखा आणि शेपटीचा खालचा भाग यांना रेक लावूच नये, तिथे फणी पुरे.

शेवटी पोलादी फणीने परीक्षा घ्यावी. विरळ दात्यांची बाजू कातडीपासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेली पाहिजे. जिथे ती अडकते तिथे आत काहीतरी राहिले आहे. त्या जागी पुन्हा स्लिकरकडे परतावे. मध्यम आकाराच्या कुत्र्याला पहिल्या वेळी या सगळ्याला तास-दीड तास सहज लागतो. तो एका बैठकीत पुरा करण्याचा हट्ट धरू नये. आज मागचे पाय आणि कंबर, उद्या छाती आणि मान, असे केले तरी काही बिघडत नाही. नियमित हात फिरत राहिला तर पुढे पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते.

जटा सोडवणे

कानांच्या मागे, काखांत, पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या झालरीत केसांच्या गाठी होतात. गाठ सापडली की तिच्या आणि कातडीच्या मधले केस डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ चिमटीवर येते आणि कुत्र्याला कळ लागत नाही. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून फणीच्या शेवटच्या दोन दात्यांनी तिच्या बाहेरच्या टोकापासून थोडे थोडे केस मोकळे करत मुळाकडे यावे. गाठ सुटतच नसेल तर फणी कातडी आणि गाठ यांच्या मधून सरकवावी आणि कात्री फणीच्या वरच्या बाजूनेच चालवावी. गाठ वर ओढून तिच्याखाली कात्री घालणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण कुत्र्याची सैल कातडी गाठीबरोबर तंबूसारखी वर येते आणि केसांसोबत तीही कापली जाते.

गाठी असताना आंघोळ घालू नये. ओली झालेली जट वाळताना आवळते आणि नंतर ती सोडवणे जवळजवळ अशक्य होते.

आंघोळ

नीट विंचरलेल्या कुत्र्याला सहा ते आठ आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. चिखलात लोळून आला तर गोष्ट वेगळी. तरीही चिखल आधी वाळू द्यावा, कारण वाळलेला चिखल ब्रशने निम्म्याहून अधिक झडून जातो. माणसांचा साबण, शाम्पू आणि भांड्यांचे लिक्विड वापरू नये. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी असते, त्यामुळे आपल्याला सौम्य वाटणारा साबणही तिला कोरडी करतो. कुत्र्यांसाठीचा साधा, फारसा वास नसलेला शाम्पू घ्यावा आणि तो मगभर पाण्यात पातळ करून वापरावा. घट्ट शाम्पू दाट लवेतून धुऊन निघत नाही.

पाणी कोमट असावे, कोपर बुडवून पाहिले तर ना गरम ना गार लागणारे. पौष-माघातील बेळगावच्या थंडीत आंघोळ अकरा-बाराच्या सुमारास घालावी, म्हणजे वाळायला दिवस हाताशी राहतो. न्हाणीच्या फरशीवर ओले गोणपाट टाकावे आणि मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी, नाहीतर निघालेल्या लवेने मोरी तुंबते.

वरचे केस पाणी निथळून टाकतात, म्हणून अंगावर चार बादल्या ओतल्या तरी कातडी कोरडीच राहू शकते. पाण्याचा मग किंवा हँडशॉवर केसांत खुपसून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी केस फाकवत, खालून वर असे भिजवावे. शाम्पू लावताना कपडे चोळल्याप्रमाणे गोल गोल घासू नये, गुंता होतो; केसांच्या दिशेने बोटे कातडीपर्यंत नेत पिळल्यासारखे करावे. डोके सर्वांत शेवटी, तेही ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डोके भिजले की कुत्रा अंग झाडतो आणि मग दोघांचीही आंघोळ होते.

शाम्पू धुऊन काढायला तो लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. अथणी-चिकोडी भागात अनेक घरी बोअरचे पाणी असते, ते जड असले तर फेस कमी होतो आणि माणूस आणखी शाम्पू ओतत जातो. तसे न करता पाणी वाढवावे. अंगावरून ओघळणारे पाणी स्वच्छ दिसू लागल्यानंतरही काखा, पोट आणि शेपटीचे मूळ पुन्हा एकदा धुवावे. आंघोळीनंतर चार दिवस कुत्रा खाजवत असेल तर बहुतेक वेळा शाम्पू आत राहिलेला असतो.

वाळवणे

आमच्या पावसाळी भागात हा टप्पा इतर सर्वांपेक्षा महत्त्वाचा आहे, मग कुत्रा आंघोळीने भिजलेला असो की शेतावरून येताना पावसाने. वरचे केस तासाभरात कोरडे दिसतात, आतली लव मात्र पाच-सहा तासही ओली राहते. त्या उबदार ओलीत जंतू आणि बुरशी वाढतात, कुबट वास येऊ लागतो आणि एखाद्या जागी रातोरात तळहाताएवढा लाल, चिकट, केस गेलेला चट्टा उमटतो. पशुवैद्य त्याला ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्ड यांना तो विशेष होतो. अशा चट्ट्यावर हळद आणि तेलाचा लेप थापू नये. लेपाखाली पू साठतो आणि चट्टा पसरतो. चाटू न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रथम कुत्र्याला मनसोक्त अंग झाडू द्यावे. मग टॉवेल किंवा सुती पंचा अंगावर ठेवून दाबावा, पाणी टिपावे. खसाखसा पुसू नये. दोन-तीन पंचे बदलावे लागतात. त्यानंतर टेबल फॅनसमोर कुत्र्याला उभे करून, विंचरताना केली तशीच एकेक ओळ उघडत स्लिकर फिरवावा. घरातील हेअर ड्रायर वापरायचा असेल तर गार किंवा सर्वांत मंद झोतावर, कातडीपासून वीतभर लांब आणि सतत हलता ठेवावा. ड्रायर लावून कुत्र्याला पिंजऱ्यात एकटे सोडणे जिवावर बेतू शकते. चुलीशी किंवा पाणी तापवण्याच्या बंबाशी बसवून वाळवण्याची जुनी सवयही सोडावी.

पुरते वाळले की नाही हे पाहण्यासाठी हाताची पालथी बाजू केसांत घालून कातडीला टेकवावी. ओल असलेली जागा गार लागते. कानामागे, गळ्याखाली, काखांत, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या झालरीत असे तपासावे, आणि सर्वत्र सारखीच ऊब लागल्यानंतरच पट्टा पुन्हा घालावा. श्रावणातल्या संततधारेत रोज पुरते वाळवणे शक्य नसेल तर फिरायला नेताना प्लॅस्टिकचा रेनकोट घालावा, आणि घरी येताच तो काढावा; ओल्या केसांवर राहिलेला रेनकोट न घालण्यापेक्षा वाईट.

गोचिडी

दाट लव म्हणजे गोचिडींना लपायला आयती जागा. पावसाळ्यात आणि त्यानंतर दर संध्याकाळी कानांच्या आत-बाहेर, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याखाली आणि शेपटीखाली पाहावे. गोचीड सापडल्यास बारीक चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढावे आणि स्पिरिटमध्ये टाकावे. बोटांनी चिरडू नये. रॉकेल, जळती उदबत्ती यांचा उपयोग करू नये.

निपाणी आणि आसपासचा भाग तंबाखूचा. जनावरांच्या अंगावरील उवा-गोचिडींवर तंबाखूचे पाणी लावण्याचा घरगुती उपाय जुन्या लोकांकडून सांगितला जातो. कुत्र्यावर तो कदापि करू नये. निकोटीन कातडीतून शोषले जाते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटातही जाते. लाळ गळणे, उलट्या, थरथर, झटके येथपर्यंत मजल जाते. गोठ्यातील गाई-म्हशींसाठी आणलेले गोचीडनाशकही अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावू नये. कुत्र्याचे वजन सांगून पशुवैद्यांकडून त्याच्यासाठीचेच औषध घ्यावे.

मानेवर थेंब टाकण्याचे औषध दिले असेल तर ते दुहेरी केसांच्या कुत्र्यात वरच्या वर सांडून वाया जाण्याचीच शक्यता जास्त. खांद्याच्या दोन हाडांमधले केस दुभागून, कातडीची रेघ दिसल्यावर नळीचे टोक कातडीला टेकवूनच ते सोडावे. अशा औषधाच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी. घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण कुत्र्याला चालणारी पर्मेथ्रिनसारखी औषधे मांजराचा जीव घेऊ शकतात. गोचिडी झालेला कुत्रा जेवेनासा झाला, ताप आला किंवा हिरड्या पांढरट दिसू लागल्या तर गोचीड तापाची शंका घ्यावी आणि रक्त तपासून घ्यावे.

नखे, कान, पंजे

नखांचे फक्त पुढचे वाकडे टोक कापावे. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबावे. काळ्या नखात पातळ चकत्या काढत जावे आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. पायाच्या आतल्या बाजूला उंचावर असलेले नख जमिनीला लागत नसल्याने झिजत नाही आणि वळून मांसात रुतते, त्याचा विसर पडू नये.

कानाचा डोळ्यांना दिसतो तेवढाच भाग पशुवैद्यांनी दिलेल्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसावा. कान कोरण्याच्या काड्या आत घालू नयेत. पंजाच्या गाद्यांमधून बाहेर आलेले केस गोल टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीत कापावेत, म्हणजे चिखल अडकत नाही आणि फरशीवर पाय घसरत नाही. पावसानंतर माळावरचे गवत वाळले की दिवाळीच्या सुमारास कुसळांचा हंगाम सुरू होतो. कुसळ केसांतून शिरून कातडी भेदते आणि आत पुढे पुढे सरकत जाते, म्हणून शेतावरून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान त्याच संध्याकाळी पाहावेत. कुत्रा अचानक एका बाजूला डोके झुकवून कान झाडू लागला तर घरी काही शोधत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

झडणे आणि आजार

मोठी झड असली तरी ती सर्व अंगावर सारखी असते आणि कातडी उघडी पडत नाही. गोल चकंदळे पडणे, कोंडा, घाण वास, दोन्ही बाजूंना सारखेच टक्कल पडून वजन वाढत जाणे, किंवा एकच जागा सतत चावणे ही लक्षणे नेहमीच्या झडीची नाहीत. पहिल्यात बुरशी असू शकते आणि ती घरातील मुलांनाही लागते. टक्कल आणि वजनाच्या जोडीत थायरॉइड तपासावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी ‘पशु आस्पत्रे’ अशी पाटी असलेल्या सरकारी दवाखान्यात जाताना विंचरून वा आंघोळ घालून नेऊ नये. कातडीवरील खपल्या आणि कोंडा जसाच्या तसा असला तर डॉक्टरांना तो खरवडून तपासता येतो.

कधी पार्लरमध्ये न्यावेच लागले तर ‘केस कमी करा’ असे मोघम सांगू नये, कारण त्याचा अर्थ तिथे मशीन असा घेतला जातो. आतली लव काढायची, वरचे केस कापायचे नाहीत, पंजे आणि गुदद्वाराभोवतीचे केस तेवढे नीट करायचे, असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असेल तर काम होईपर्यंत थांबावे. घरी काम झाल्यावर ब्रश व फणीतील केस काढून ती साबणाच्या पाण्याने धुवावीत आणि तारा गंजू नयेत म्हणून उन्हात उलटी ठेवावीत. दोन कुत्री असतील आणि एकाला कातडीचा विकार असेल तर त्याचा ब्रश वेगळा ठेवावा.